अभिसारी सीमा: यात गोल फिरणं कुठून आलं?

विचारलं गेलंय ते असं, की अभिसरण म्हटलं की आपल्याला रक्ताभिसरण आठवतं, म्हणजे काहीतरी गोल फिरत राहणं, मग दोन भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरच्या कठीण थराचे सरकणारे मोठे तुकडे, एकमेकांवर येतात त्या जागेला भूगोलात 'अभिसारी सीमा' का म्हणायचं, आणि हिमालय नि दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत दोन्ही तिथलेच असतील तर दोघांत एवढा फरक कसा.

आधी शब्द. अभि म्हणजे च्या दिशेने आणि सृ म्हणजे जाणे, सरकणे. प्रियकराला भेटायला निघालेली ती अभिसारिका, तिच्यात गोल फिरणं कुठेच नाही. किरण एका बिंदूत आणणारं भिंग ते अभिसारी भिंग, हे दहावीला शिकलोच आहोत. फिरण्याचा अर्थ रक्ताभिसरणामुळे चिकटला आणि त्यात प्रावरणातल्या, म्हणजे कवचाखालच्या जाड थरातल्या, उष्णतेच्या प्रवाहांनाही 'अभिसरण प्रवाह' म्हणतात, त्यामुळे एकाच धड्यात हा शब्द दोन अर्थांनी येतो आणि मुलं गोंधळतात. म्हणून सीमेबद्दल बोलताना अभिसरण टाळावं, अभिसारी म्हणावं, आणि उलट दूर जाणाऱ्यांना अपसारी.

पण हा शब्द फक्त दिशा सांगतो. भेट झाल्यावर काय होतं ते त्या पट्टांवर काय आहे त्यावर ठरतं, आणि फरकाचं उत्तर तिथेच आहे.

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला नाझ्का हा सागरी पट्ट आहे, जड आणि पातळ, तो खंडाच्या खाली घुसतो. याला सबडक्शनच म्हणतात बहुतेक जण, मला 'खाली सरकणं' पुरेसं वाटतं. खाली जाताना त्यातलं पाणी बाहेर पडतं आणि ते पाणी वरच्या प्रावरणाच्या खडकात शिरलं की त्या खडकाचा वितळणबिंदू कमी होतो, शिलारस तयार होतो, तो वर येऊन ज्वालामुखी. घर्षणाने खडक वितळतो असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं दिसतं, पण खरं काम पाण्याचं आहे. शिवाय खंडाची कड दाबली जाऊन जाड होते, घड्या पडतात. म्हणून अँडीजला नुसतं 'वली पर्वत', म्हणजे घड्यांचा पर्वत, म्हणून सोडून देणं मला अपुरं वाटतं.

हिमालयात दोन्हीकडे खंड. खंडाचा खडक हलका, तो सहजासहजी खाली जात नाही, म्हणून सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी टक्कर सुरू झाल्यावर मधल्या टेथिस समुद्राच्या तळावरचे थर चुरगळून, एकमेकांवर चढून वर आले. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडक समुद्रातला आहे. आपल्या देवघरातला शाळिग्राम गंडकीच्या खोऱ्यातून येतो आणि त्यातलं चक्र म्हणजे ॲमोनाइट या समुद्री जीवाचा जीवाश्म, तोही त्याच टेथिसचा! पण टकरीच्या आधी टेथिसचा तळही आशियाखाली सरकत होता, म्हणजे तेव्हा तिथे अँडीजसारखीच परिस्थिती होती, लडाखचा ग्रॅनाइट बराचसा त्या काळातला. म्हणजे हे दोन प्रकार कायमचे वेगळे नाहीत, एक संपून दुसरा सुरू होऊ शकतो.

सीमा किनाऱ्यालगत आहे की लांब, याचा परिणाम किनाऱ्यावर फार स्पष्ट दिसतो. आपल्याकडे 'समुद्रबूड जमीन' हा सुंदर मराठी शब्द आहे, खंडाचा पाण्याखाली गेलेला उथळ भाग. मुंबईपासून साधारण १६० किमीवर, बॉम्बे हायला, समुद्र ७५ मीटरच्या आसपास खोल, म्हणून तिथे तेलविहिरी उभ्या करता आल्या. पेरू-चिलीच्या किनाऱ्यापासून तेवढ्याच अंतरावर सागरी गर्ता, म्हणजे समुद्रतळावरचा लांब खोल खंदक, आहे आणि तिची कमाल खोली ८,०६५ मीटर! कारण तिथे खंडाची कड हीच पट्टाची सीमा आहे, आणि आपली पश्चिमेची कड पट्टाच्या मधे आहे, सीमा खूप लांब. १९६० साली चिलीत ९.५ तीव्रतेचा भूकंप झाला तो याच सरकण्यामुळे, आजवर मोजलेला सगळ्यात मोठा.

आणि सह्याद्रीला अभिसारी वगैरे काही लावू नका, वलीही नाही. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे ते आडवे थर आहेत, आणि पश्चिमेची कड तयार झाली ती सेशेल्स भारतापासून तुटून दूर गेलं त्या काळात, म्हणजे तिथे शब्द हवा तो अपसारी.