टी पेशींना पाल्मिटेट देण्याआधी

अगं, टी पेशींना (प्रतिकारशक्तीच्या पेशींना) पाल्मिटेट हे फॅटी ॲसिड देताना ते नुसतं मीडियात, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवात, ओतू नकोस. आधी ७० अंशांच्या आसपास गरम करून विरघळव, मग ३७ अंशांवरच्या अल्ब्युमिनमध्ये (फॅटी ॲसिड वाहून नेणाऱ्या प्रथिनात) थोडं थोडं मिसळ. अल्ब्युमिन फॅटी ॲसिड काढून टाकलेलंच घे. डिसेंबरातली नाशिकची थंडी तुला माहीत आहे. सकाळी बाटलीत पाल्मिटेट गोठून पांढरा साका दिसला तर ती तशीच वापरायची नाही. तुलनेसाठी नुसत्या अल्ब्युमिनचा कंट्रोल हवाच, नाहीतर परीक्षक पहिल्या पाच मिनिटांत तिथंच पकडतील. मीडियात घालतात त्या सीरममध्येही (रक्तातल्या द्रवात) फॅटी ॲसिड असतात, म्हणून सगळे प्रयोग सीरमच्या एकाच लॉटवर कर.

‘टीरेग पेशी फॅटी ॲसिड जाळतात, टीएच१७ ती तयार करतात’ हे वाक्य तुला जिथंतिथं भेटेल. टीरेग म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी पेशी, टीएच१७ म्हणजे दाह वाढवणाऱ्या. दुसरा भाग बऱ्यापैकी पक्का आहे: फॅटी ॲसिड तयार करायला लागणारं एसीसी१ एन्झाइम रोखलं की टीएच१७ घटतात, हे २०१४ मध्ये दाखवलं गेलं. पहिल्याचा बराचसा पुरावा मात्र एटोमोक्सिर या औषधावर उभा होता; ते फॅटी ॲसिड जाळायला लागणारं सीपीटी१ए हे एन्झाइम रोखतं. २०१८ मध्ये दिसलं की सीपीटी१ए नसलेल्या उंदरांच्या टी पेशीही टीरेग बनतात. जास्त मात्रेत हे औषध भलतंच काही बिघडवतं. तेव्हा सिनॉप्सिसमध्ये एटोमोक्सिर लिहिण्याआधी मात्रेबद्दल मॅडमशी बोलून घे.