यशस्वी राजकीय प्रचार मोहिमांमधून मार्केटिंग करणाऱ्यांनी काय शिकावं?

घोषणा सोडून बाकी बरंच काही. हा विषय निघाला की गाडी लगेच घोषवाक्यं आणि भाषणांवर जाते, पण निवडणुकीचं निम्मं काम याद्यांमध्ये होतं आणि ते कोणाला दिसत नाही.

अनेक मोहिमांमध्ये मतदाराला १ ते ५ असा आकडा देतात. १ म्हणजे पक्का आपला, ३ म्हणजे कुंपणावरचा, ५ म्हणजे पक्का विरोधक. ५ च्या दारात वेळ घालवायचा नाही. २ आणि ३ ला पटवायचं. १ ला पटवायची गरजच नसते, त्याला फक्त मतदानाच्या दिवशी घराबाहेर काढायचं. मार्केटिंगमध्ये घोळ होतो तो इथेच. डिस्काउंट कूपन सरसकट सगळ्या यादीला जातं आणि ते वापरतात मुख्यतः १ नंबरवाले, जे पूर्ण किमतीलाही घेणारच होते. विक्री वाढल्यासारखी दिसते, नफा गळतो. म्हणून प्रत्येक गटातले १० टक्के लोक चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून वगळा, त्यांना काहीच पाठवू नका. मेसेज मिळालेले आणि न मिळालेले यांच्या माणशी खरेदीतला फरक, तेवढंच मोहिमेचं श्रेय.

१ नंबरवाल्याला हलवायचं कसं, याचाही अभ्यास झालाय. अमेरिकेत २००८ च्या पेनसिल्व्हेनिया प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) एका प्रयोगात फोनवर नुसतं ‘मत द्या’ न सांगता विचारलं गेलं: किती वाजता जाल, कुठून निघाल, त्याआधी काय करत असाल? नुसत्या आवाहनापेक्षा हे जास्त चाललं, विशेषतः ज्या घरात एकच मतदार होता तिथे. ‘डेमो बुक करा’च्या जागी ‘मंगळवारी ११ की गुरुवारी ४?’ विचारून पाहा.

आता चाचणी. ओबामांच्या २००८ च्या मोहिमेने वेबसाइटच्या पहिल्या पानावर ४ बटणं आणि ६ फोटो-व्हिडिओ यांच्या २४ जोड्या लावून पाहिल्या. टीमचा जीव एका व्हिडिओवर होता. प्रत्यक्षात सगळे व्हिडिओ फोटोंपेक्षा मागे पडले. जिंकला कुटुंबाचा फोटो आणि ‘लर्न मोअर’ हे बटण. पानावर आलेल्यांपैकी नोंदणी करणाऱ्यांचं प्रमाण ८.२६ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर गेलं. अनुभवी माणसांचा अंदाजही किती चुकतो बघा.

पण हे वाचून लगेच २४ जोड्या लावायला बसू नका. त्या चाचणीत तीन लाखांवर लोक आले होते. तुमचा नोंदणीचा दर ८ टक्के असेल आणि तो ११ च्या वर जातोय का एवढंच पाहायचं असेल, तर प्रत्येक पर्यायाला साधारण १,५०० माणसं पुरतात. ८ चे ८.८ होतात का हे पाहायला मात्र जवळपास १९,००० लागतात. यादी ५,००० ची असेल तर दोनच पर्याय घ्या, आणि तेही ठळकपणे वेगळे. बटणाचा रंग बदलून काही हाती लागणार नाही. आणि किती माणसांवर चाचणी घ्यायची तो आकडा आधी ठरवा. मधेच डोकावून ‘अ पुढे आहे’ म्हणत चाचणी थांबवली की अनेकदा योगायोगालाच विजेता ठरवलं जातं.

सगळंच उचलू नका, हेही सांगतो. २००६ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या प्रयोगात लोकांना पत्रं गेली, त्यात त्यांनी आणि शेजाऱ्यांनी आधी मतदान केलं होतं की नाही याची नोंद होती. मतदान सुमारे ८ टक्के बिंदूंनी वाढलं. लाजेचा हा चिमटा ग्राहकाला काढलात तर तो दुसरीकडे जाईल. मोहिमेला मतमोजणीपर्यंतच जगायचं असतं, त्यामुळे ‘शेवटची संधी’, ‘आज रात्री १२ पर्यंत’ असले मेल ती रोज पाठवू शकते. तुम्हाला पुढच्या वर्षीही त्याच यादीला लिहायचंय. भीती घालणारा मेल चाचणीत जिंकला, तरी पुढच्या ९० दिवसांत त्या गटातल्या किती जणांनी नाव काढून घेतलं ते मोजा, आणि मगच तो सगळ्यांना पाठवा.