मास्क लावूनही घोरणे थांबले नाही

प्रश्न : माझ्या पतींना स्लीप अ‍ॅप्निया असल्याचे झोपेच्या तपासणीत निघाले, तासाला सरासरी 34 वेळा त्यांचा श्वास अडखळत होता. गेले तीन आठवडे ते नाकावरचा मास्क लावून, दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवणाऱ्या आणि तो दाब आपोआप कमी-जास्त करणाऱ्या सीपॅप यंत्रावर झोपतात. तरीही झोप लागल्यावर पहिला अर्धा तास आणि पुन्हा पहाटे ते घोरतातच. मी तसे सांगितले की ते यंत्रावरचा आकडा दाखवतात आणि म्हणतात, “तासाला फक्त 6. तुलाच आता घोरणे ऐकायची सवय लागली आहे.” मी अजूनही बाहेरच्या खोलीत झोपते. यंत्र निकामी आहे, की मीच खोटी?

उत्तर : तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात, आणि ती म्हणजे घोरण्याची वेळ. ‘रात्रभर घोरतात’ असे तुम्ही लिहिले असते, तर मला फारसे काही सांगता आले नसते. पहिला अर्धा तास आणि पहाट या दोन वेळांची कारणे बहुधा वेगवेगळी असतात, आणि दोन्हींवर सहसा उपाय निघतो.

आधी पहिला अर्धा तास घेऊ. एकदम पूर्ण दाबाची हवा आली, तर नवख्या माणसाला गुदमरल्यासारखे होते. म्हणून पुष्कळ यंत्रांत रॅम्प नावाची सोय असते. दाब 4 सेंटीमीटर पाण्याच्या (हे हवेचा दाब मोजण्याचे एकक) आसपास सुरू होतो आणि सावकाश वर जातो. तुमच्या पतींचा घसा उघडा राहायला त्याहून बराच जास्त दाब लागत असेल, तर ते आधी झोपतात, पुरेसा दाब मागाहून पोहोचतो आणि मधल्या वेळात तुम्ही जाग्या राहता. आपोआप दाब बदलणाऱ्या यंत्राचेही असेच आहे : श्वासात अडथळा जाणवल्यावर ते दाब वाढवते, त्यामुळे दाबाची किमान मर्यादा फार खाली ठेवलेली असेल, तर रोज थोडे घोरणे झाल्याखेरीज ते कामाला लागत नाही. रॅम्पची वेळ कमी करावी की किमान दाब वाढवावा, हे डॉक्टर नोंदी पाहून ठरवतील. दाबाची मर्यादा घरच्या घरी बदलू नका. गरजेपेक्षा जास्त दाबाने मास्कमधून अधिक हवा सुटते, पोटात हवा जाऊन फुगल्यासारखे होते आणि काही जणांत श्वास थांबण्याचा निराळाच प्रकार डोके वर काढतो.

पहाटेचे घोरणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. स्वप्ने पडणारी झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, त्या झोपेत स्नायू अगदी सैल पडतात आणि जबडा खाली येतो. मास्क फक्त नाकावर असल्यामुळे नाकातून आत गेलेली हवा उघड्या तोंडावाटे निघून जाते, घशात दाब उरत नाही आणि माणूस मास्कसकट घोरू लागतो. सकाळी उठल्यावर त्यांचे तोंड आणि घसा कोरडा पडलेला असतो का, हे विचारून पाहा. असेल तर संशय जवळजवळ पक्का समजा. नाक चोंदत असेल, तर आधी त्यावर उपचार हवेत, कारण बंद नाकाने कोणीही तोंड मिटून झोपू शकत नाही. यंत्राला हवा दमट करणारा ह्युमिडिफायर असेल, तर त्याचाही उपयोग होतो. त्यानंतर हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क हे पर्याय उरतात. तोंडाला चिकटपट्टी लावण्याचा सल्ला कोणी दिला, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो मुळीच ऐकू नका. मास्क बसवून पाहायचा तो आडवे होऊन आणि हवा चालू ठेवून, कारण बसल्यावर घट्ट वाटणारा मास्क कुशीवर वळताच सैल होतो. चेहऱ्याला टेकणारी त्याची मऊ गादी रोज धुवावी. चेहऱ्याच्या तेलकटपणामुळे ती सरकते. पट्टे करकचून आवळले, तर गादीचा आकार बिघडतो आणि गळती उलट वाढते. रात्री मद्य किंवा डॉक्टरांनी न दिलेली झोपेची गोळी घेतली जात असेल आणि ते उताणे झोपत असतील, तर घोरण्याला तेवढेच निमित्त पुरते.

आता त्या 6 या आकड्याविषयी. 34 वरून 6 वर येणे ही मोठी सुधारणा आहे, आणि यंत्र निकामी असते तर ती दिसली नसती. उपचारात हा आकडा 5 च्या खाली आणण्याचा प्रयत्न असतो. मात्र हवेची गळती मोठी असली, की श्वासातील अडथळे मोजण्यात यंत्राची चूक होऊ शकते. म्हणून पतींनी केवळ तो आकडा न पाहता त्याच नोंदींतली गळतीही पाहावी. तुम्हा दोघांत खोटे कोणीच नाही. ते यंत्राने मोजलेले सांगतात, तुम्ही कानांनी ऐकलेले सांगता, आणि डॉक्टरांना दोन्ही हवे आहे.

फक्त तुमचे सांगणे तक्रारीच्या सुरात जात असावे, असे पत्रावरून वाटते. त्यात तुमची चूक नाही. वर्षानुवर्षे झोप मोडलेल्या माणसाचा आवाज गोड कसा राहील? पण रोज रात्री तोंडावर नळी बांधून झोपणाऱ्या माणसाला सकाळी उठताच ‘आजही घोरलात’ हे ऐकले, की मास्क काढून फेकावासा वाटतो, आणि तेवढे मात्र होऊ द्यायचे नाही. मास्कशिवाय ते पुन्हा 34 वर जातील. पुढचा आठवडाभर सकाळी काही बोलू नका. त्याऐवजी दोन-तीन रात्री त्यांच्याच खोलीत झोपा आणि उशाशी वही ठेवा : घोरणे किती वाजता सुरू झाले, ते उताणे होते की कुशीवर, तोंड उघडे होते का, ओठांतून नुसती हवा फुरफुरत होती की घोरता घोरता मध्येच शांतता होऊन मग मोठा श्वास घेतला गेला. हा शेवटचा प्रकार दिसला, किंवा पतींना दिवसा गाडी चालवताना डुलकी येत असेल, तर ठरलेल्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा आणि तोवर गाडी दुसऱ्या कोणाला चालवू द्या. वही लिहायची ती त्यांना आधी सांगून. त्यांच्या नकळत लिहिलेली नोंद त्यांना पाळतीसारखी वाटेल. उरलेल्या रात्री बाहेरच्या खोलीत निवांत झोपा. त्याबद्दल मनाला लावून घेऊ नका. तुमच्या झोपेचीही थकबाकी बरीच आहे.