कॉलेजच्या रेस कार टीममध्ये खरंच शिकायला मिळतं का? का नुसतं वर्ष वाया जातं?

प्रश्न असा आहे की जळगावला मेकॅनिकल सेकंड इयरला आहे, कॉलेजची बाहा टीम (पोरांनी स्वतः बनवलेल्या, दगडमातीतून पळणाऱ्या छोट्या गाड्यांची स्पर्धा म्हणजे बाहा) पोरं घेतेय, घरचे म्हणतात मार्क जातील, तर जाऊ का.

जा भो. मी धुळ्याला शिकताना दोन वर्षं बाहामध्ये होतो, पहिल्या वर्षी सस्पेन्शनला, दुसऱ्या वर्षी ब्रेकला, म्हणून तेवढंच सांगतो, गिअरबॉक्सचं त्या पोरांना विचार.

स्पर्धा २००७ पासून होते, बहुतेक वेळा इंदूरजवळच्या पिथमपूरला, आपल्याकडून आग्रा रोडनं बिजासन घाट चढून गेलं की फार लांब नाही. आमच्या वेळी पेट्रोलच्या गाड्यांना सगळ्यांना एकच इंजिन होतं, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं १० एचपीचं, आणि त्यात हात घालायचा नाही. मग फरक पडतो तो वजनात, सस्पेन्शनमध्ये, आणि शेवटच्या दिवशी दगडधोंड्यातून ४ तासांची एन्ड्युरन्स, म्हणजे सलग पळवायची शर्यत, असते त्यात गाडी टिकते का यात.

पहिल्या वर्षी मी दोन महिने लॅपटॉपवर बसून ए-आर्मचे, म्हणजे चाक फ्रेमला जोडणाऱ्या दांड्यांचे, पॉइंट काढले, चाक वर-खाली झालं तरी टो (चाकाचं तोंड आत-बाहेर किती वळलंय ते) बदलायला नको म्हणून टाय रॉडची (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांडीची) जागा मिलिमीटरमध्ये बसवली. दिवाळीच्या सुट्टीत चेसिसवाल्यांनी (गाडीचा सांगाडा करणाऱ्या पोरांनी) फ्रेम वेल्ड केली, पण डावी बाजू पूर्ण करून मग उजवी घेतली, आणि वेल्ड थंड होताना पाइप ओढला जातो त्यामुळे फ्रेम पिळली आणि उजवीकडचे माझे ब्रॅकेट, म्हणजे ए-आर्म अडकवायच्या पट्ट्या, ६ मिलिमीटर वर गेले. गाडी चाकावर ठेवून पुढून दोघांनी दाबली तर डावं चाक सरळ आणि उजवं बाहेर वळतंय! त्या रात्री खूप भांडलो, मी म्हणायचो वेल्डिंग चुकलं, ते म्हणायचे मग ब्रॅकेट इतक्या आधी लावायला दिलेच कशाला. दोघांचंही बरोबर होतं, आणि दोन महिन्यांत आम्ही एकमेकांच्या टेबलापाशी एकदाही गेलो नव्हतो.

मग एमआयडीसीत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारे एक वेल्डर काका आहेत त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सांगितलं आधी सगळीकडे टॅक (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारा, मग इंचभर इकडं, इंचभर समोरच्या बाजूला, मध्ये थंड होऊ द्या, आणि ब्रॅकेट सगळ्यात शेवटी, दोन्ही भोकांतून सरळ रॉड घालून. ब्रॅकेट कापून परत लावले, आठ दिवस गेले, पण वेल्डिंगमुळे डिस्टॉर्शन होतं, म्हणजे आकार बिघडतो, हे वाक्य मी पेपरात आधीच लिहून आलो होतो आणि कळलं मात्र तेव्हा.

दुसऱ्या वर्षी ब्रेक. ब्रेक टेस्टमध्ये चारही चाकं लॉक व्हावी लागतात, नाहीतर पुढं जाऊच देत नाहीत. आमची मागची दोन होईनात. कॅल्क्युलेशन चार वेळा तपासलं, बरोबर. निघाली लाइनमध्ये हवा. ब्लीडिंगला, म्हणजे ती हवा काढायला, दोघं लागतात, एक पेडलवर एक चाकाजवळच्या निपलपाशी (हवा सोडायच्या स्क्रूपाशी), दाब, धरून ठेव, मी निपल उघडतो, बंद केला, आता सोड. निपल बंद व्हायच्या आधी पाय उचलला की हवा परत आत. आमच्या दोघांचा ताल जमायला अख्खी संध्याकाळ गेली, ४३ डिग्रीचं ऊन खाऊन तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये, पण नंतर पेडल दगडासारखं कडक झालं तो आनंद मला अजून आठवतो.

मार्कांचं खरं सांगतो, पाचव्या सेमला माझे कमी झाले. परीक्षेआधीचे तीन आठवडे वर्कशॉपला कुलूप असा नियम आम्ही दुसऱ्या वर्षी केला आणि तो पाळला, तुमच्या टीमला आहे का विचार. घरच्यांना एकदा शेडवर घेऊन ये, माझे वडील येऊन गेले त्यानंतर त्यांनी कधी अडवलं नाही.

नाव देण्याआधी सीनियरना म्हण की मागच्या वर्षीची गाडी मला खोलून बघायचीय. हातात पाना देऊन बस म्हणाले तर त्याच दिवशी नाव दे. हात लावू नको म्हणाले तर मात्र थांब, आणि तेवढे महिने एखाद्या टर्नरकडे रविवारी जाऊन लेथपाशी उभा राहा.