गालावर आधी काय लावलंय, ब्लश त्यावर ठरतो

लग्नसराई आली की दरवर्षी फाउंडेशनचे प्रश्न जास्त येतात, यावेळी मात्र ब्लशनेच इनबॉक्स भरलाय. पावडर घेऊ का क्रीम, लिक्विड टिकतो का, जेल कुणाला चालतं... आणि जवळजवळ प्रत्येकीने शेडचं नाव आधी विचारलंय. मी मात्र प्रत्येकीला आधी हे विचारणार की बाई गं, ब्लशच्या खाली काय काय असतं? सनस्क्रीन, फाउंडेशन, कॉम्पॅक्ट, का नुसती धुतलेली स्किन? कारण तोच ब्लश एकीच्या गालावर मस्त दिसतो आणि दुसरीच्या गालावर डाग पडल्यासारखा, ते बहुतेकवेळा यामुळेच होतं. म्हणून फॉर्म्युला आधी ठरवू, रंग मग.

प्रश्न : ताई, मी 24 वर्षांची आहे, रोज डोंबिवलीहून सीएसएमटीला जॉबला जाते. स्किन तेलकट आहे. रील्स बघून चांगला महागातला लिक्विड ब्लश घेतला, पण लावला की पॅचेस दिसतात, खालचं फाउंडेशन पण निघून येतं आणि ऑफिसला पोचेपर्यंत गाल परत प्लेन. मी आधी फाउंडेशन, मग कॉम्पॅक्ट आणि शेवटी ब्लश लावते. ब्लशच खराब निघाला का?

उत्तर : ब्लश खराब नाहीये गं, क्रम चुकतोय. कॉम्पॅक्ट लावून झाल्यावर वरून लिक्विड लावणं म्हणजे काढलेल्या रांगोळीवर पाणी शिंपडण्यासारखं आहे, जिथं थेंब पडतो तिथं पावडर भिजते, गोळा होते आणि रंग तिथंच धरून बसतो, मग तू तो पसरवायला बोट घासतेस आणि त्या घासण्यात खालचं फाउंडेशन पण उचललं जातं. लिक्विड आणि क्रीम नेहमी पावडरच्या आधी. म्हणजे फाउंडेशन, त्यावर ब्लश, आणि सगळ्यात शेवटी कॉम्पॅक्ट, तोही गालावर अगदी हलका, नाहीतर लावलेला रंग झाकला जातो.

दुसरं म्हणजे किती घेतेस. हल्लीचे लिक्विड ब्लश फार पिग्मेंटेड असतात. अमेरिकन गायिका सेलेना गोमेझच्या रेअर ब्यूटी या ब्रँडचा ब्लश 2020 मध्ये आला आणि त्यानंतर सगळ्यांनीच तसले गडद रंगाचे काढले, त्यांचा एका गालाला एक बारीक ठिपका खूप झाला. रील्समध्ये तीन-तीन ठिपके काढतात ते कॅमेऱ्याच्या लाइटसाठी, तू बघू नकोस तिकडं. कांडी डायरेक्ट गालाला लावायची नाही, हाताच्या मागच्या बाजूला घ्यायचं आणि तिथून बोटाने किंवा ओल्या पिळलेल्या स्पंजने थापत थापत लावायचं. घासायचं नाही. आणि एका वेळी एकच गाल, कारण लिक्विडमधलं पाणी किंवा उडून जाणारं सिलिकॉन भरभर वाळतं आणि मागं रंगाचा पातळ थर राहतो, तो एकदा बसला की मग हलत नाही, ओढलास तर फाटतो. दोन्ही गालांवर ठिपके देऊन ठेवलेस की दुसरा गाल हमखास बिघडणार.

आता टिकण्याचं. तेलकट स्किनवर तेल येत राहतं आणि क्रीम ब्लश मुळात तेल आणि मेणाचाच बनलेला असतो, त्यामुळं वरून घाम, गर्दी आणि मे महिन्यातली मुंबईची दमट हवा असली की तो घसरतो. तुला क्रीम नको. लिक्विड घेतलाच आहेस तर मॅट फिनिशचा असेल तर ठेव, ड्युई, म्हणजे ओलसर चमक देणारा असेल तर सुट्टीच्या दिवशी वापर. माझ्या मते तुझ्यासारखीने लिक्विडचा अगदी पातळ थर, त्यावर कॉम्पॅक्ट आणि त्यावर त्याच रंगाच्या जवळचा पावडर ब्लश मऊ ब्रशने, असं केलं तर दुपारपर्यंत सहज टिकतो. रोज एवढा वेळ नसेल तर नुसता पावडर ब्लश, काही बिघडत नाही, तेलकट स्किनला तो सगळ्यात सोपा. सनस्क्रीन लावतेसच ना, ती लावल्यावर लगेच फाउंडेशन चढवू नकोस, चहा होईपर्यंत थांब, ती नीट बसू दे. आणि ट्रेनमधून उतरल्यावर चेहऱ्यावर परत कॉम्पॅक्ट थापायच्या आधी टिश्यूने तेल टिपून घे, तेलावर पावडर बसली की तीच काळपट दिसायला लागते.

प्रश्न : मी 58 वर्षांची आहे, सांगलीला असते. बरीच वर्षं एकच पावडरचं रूज वापरत आले. आता ते गालावर भुकटीसारखं वेगळं दिसतं, रेषांमध्ये जाऊन बसतं. सून म्हणते क्रीमचं घ्या. पुतण्याचं लग्न आहे, पैठणी नेसणार आहे. या वयात शोभेल का?

उत्तर : काकू, शोभेल का हा प्रश्नच काढून टाका, छानच दिसेल. आणि सूनबाई बरोबर सांगतायत. पाळी गेल्यानंतर त्वचेतलं तेल कमी होतं, गाल कोरडे पडतात, मग पावडरला धरायला काही राहत नाही, ती बारीक लवेवर आणि रेषांमध्ये साठते. रूज तेच आहे, त्वचा बदललीय.

क्रीम ब्लशची स्टिक किंवा डबी घ्या. आधी मॉइश्चरायझर भरपूर लावा आणि जरा वेळ द्या. फाउंडेशन लावत असाल तर पातळच, आणि गालावर कॉम्पॅक्ट लावूच नका. मग क्रीम बोटावर घेऊन थोडं चोळा, बोटाच्या उबेने ते मऊ होतं आणि त्वचेत छान मिसळतं, ब्रशपेक्षा बोटच चांगलं. कुठं लावायचं ते मात्र जरा बदला. आपल्याला सगळ्यांना सवय असते हसायचं आणि गालाचा वर आलेला गोळा रंगवायचा, पण हसू थांबलं की तो गोळा खाली येतो आणि रंगही खाली ओघळल्यासारखा दिसतो. चेहरा साधा ठेवून, गालाच्या हाडावर, जरा वर आणि कानाकडे नेत लावा. लगेच फरक कळेल.

चमकीचा ब्लश टाळा, चमकीचे मोठे कण प्रत्येक रेष उठवून दाखवतात. हलकी, आतून आल्यासारखी चकाकी असलेला चालतो. आणि दुकानात पैठणीचा रंग घेऊन ब्लश शोधू नका, लिपस्टिकच्या रंगाशी जुळवा. लिपस्टिक विटकरी असेल तर ब्लशही त्याच कुळातला, गुलाबी असेल तर गुलाबीकडचा. जुनं रूज खूप वर्षांचं असेल तर मात्र आता ठेवू नका.

प्रश्न : माझा रंग सावळा आहे, यवतमाळला राहते. पार्लरमध्ये नेहमी बेबी पिंक नाहीतर पीच ब्लश लावतात आणि माझे गाल राखेसारखे दिसतात. त्या म्हणतात सावळ्या मुलींनी लाइट शेडच लावायची म्हणजे उजळ दिसतं. खरंय का?

उत्तर : नाही. अजिबात खरं नाहीये, आणि हे अजूनही मुलींना खुर्चीत बसवून सांगितलं जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं. ब्लश उजळ दिसायला नसतो गं, गालात रक्त सळसळतंय असं दिसायला असतो, आणि सावळ्या गालात जो रंग येतो तो बेबी पिंक नसतोच, तो गडद, विटकरी किंवा जांभळट लाल असतो.

राख का दिसते ते सांगते. फिक्या शेड बनवायला त्यात टायटॅनियम डायऑक्साइड घालतात, तो पांढरा रंग आहे, पॅकवर सीआय 77891 असा लिहिलेला असतो (सीआय म्हणजे त्या रंगाचा ठरलेला नंबर). गोऱ्या गालावर तो पांढरेपणा लपतो, तुझ्या गालावर वर तरंगतो. पावडर ब्लशमध्ये भर म्हणून टाल्क पण असते, तिचीही थोडी धूसर झाक येते. म्हणजे तुझ्या बाबतीत शेडइतकाच फॉर्म्युला महत्त्वाचा आहे. जेल, टिंट (म्हणजे स्किनवर हलका डाग सोडणारा पातळ रंग) आणि पातळ लिक्विड यांचा बेस पारदर्शक असतो, त्यामुळं रंग खरा दिसतो. तुझ्यासाठी बेरी, प्लम, वीटकरी, टेराकोटा, गडद कोरल, अगदी लालभडक सुद्धा. डबीत बघून घाबरायला होतं पण गालावर थापून पातळ केलं की सुंदर उतरतो. पावडरच आवडत असेल तर ती पण घे, फक्त डबीतला रंग तुझ्या गालापेक्षा गडद हवा, फिका नको.

टिंट घेतलास तर एक लक्षात ठेव, तो फाउंडेशनवर नीट पसरत नाही, नुसत्या मॉइश्चरायझर लावलेल्या स्किनवरच भारी दिसतो, आणि भरभर पसरवायचा कारण तो स्किनला डाग धरतो. दुकानात शेड बघताना मनगटावर नको, मनगट आणि गाल यांचा रंग वेगळा असतो. जबड्याजवळ लाव आणि दाराबाहेर उजेडात येऊन बघ, आतल्या पिवळ्या लाइटमध्ये सगळंच छान वाटतं. टेस्टर डायरेक्ट चेहऱ्याला लावू नकोस, त्यांना वरचा थर पुसून स्वच्छ कांडीने द्यायला सांग. आणि पार्लरवाल्या ताई ऐकत नसतील तर आपला ब्लश आपण घेऊन जायचा, त्यात लाजायचं काहीच नाही.

प्रश्न : लिपस्टिकच गालाला लावली तर चालते का? आणि ब्लश आयशॅडो म्हणून?

उत्तर : नेहमीची क्रीमी लिपस्टिक चालते, आपल्या आया-मावश्या तेच करत आल्यात. मॅट लिक्विड लिपस्टिक नको, ती वाळून कडक होते आणि गालावर तडकते. पिंपल्स येत असतील तर रोज नको, लिपस्टिकमधली मेणं आणि एरंडेल जड पडू शकतं. डोळ्यांचं मात्र पॅक बघून ठरवा, काही लाल-गुलाबी रंग गालाला आणि ओठाला चालतात पण डोळ्यांच्या आसपास वापरायला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं-कॉस्मेटिक्सवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने परवानगी दिलेली नाही. डोळ्यांसाठी चालेल असं लिहिलं असेल तरच लावा.

प्रश्न : आम्ही घरी पूर्ण शाकाहारी. मैत्रीण म्हणाली की ब्लशमध्ये किडे असतात. हे खरंय का ताई? मला तर बॉक्स बघूनच कसंतरी व्हायला लागलंय.

उत्तर : काही ब्लशमध्ये असतात, हो. कार्माइन नावाचा लाल रंग कोचिनियल नावाच्या किड्यापासून काढतात, हे किडे निवडुंगावर वाढतात आणि पेरू देशात त्यांचं सगळ्यात मोठं उत्पादन होतं. रंग फार सुंदर आणि टिकाऊ येतो म्हणून कंपन्या सोडत नाहीत. पॅकवर कार्माइन, कोचिनियल, नॅचरल रेड 4 किंवा सीआय 75470 यातलं काहीही लिहिलेलं असू शकतं. तो आकडा फोनमध्ये सेव्ह करून ठेव, दुकानात उपयोगी पडतो. पावडर, क्रीम, लिक्विड, कशातही असू शकतो.

जैन वाचकांसाठी अजून एक, क्रीम आणि स्टिक ब्लशमध्ये बऱ्याचदा मधमाशांचं मेण असतं, यादीत ते सेरा अल्बा या नावाने येतं. पावडर ब्लशमध्ये आयर्न ऑक्साइडचे रंग असतील, म्हणजे सीआय 77491, 77492 आणि 77499, तर ते खनिज आहेत, त्यांची काळजी नको. आणि क्रुएल्टी फ्री लिहिलंय म्हणजे शाकाहारी असं समजू नकोस. क्रुएल्टी फ्री म्हणजे प्राण्यांवर टेस्ट केलेलं नाही एवढंच, आपल्या देशात तर कॉस्मेटिक्सची प्राण्यांवर चाचणी 2014 पासून बंदच आहे. तुला व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासून काढलेलं काहीच नसलेलं, हा शब्द शोधायचाय, आणि तो दिसला तरी मागची यादी एकदा वाचच.

प्रश्न : हिरव्या रंगाचा ब्लश मिळतो, लावल्यावर गुलाबी होतो. प्रत्येकीच्या स्किनच्या पीएचप्रमाणे वेगळी शेड येते म्हणतात. घेऊ का?

उत्तर : मजा म्हणून घ्यायचा तर घे, पण वेगळी शेड वगैरे मनात धरू नकोस. त्यात बहुतेक रेड 27 नावाचा रंग असतो, पॅकवर सीआय 45410. पाणी नसलेल्या तेल-मेणात तो बेरंगी राहतो, गालावरचा ओलावा मिळाला की गुलाबी होतो, आणि हिरवा रंग वरून वेगळा घातलेला असतो. सगळ्यांच्याच गालावर साधारण तोच भडक गुलाबी येतो, कमी-जास्त एवढंच. सावळ्या रंगावर तो छान उठून दिसतो हे मात्र खरं. लावल्यावर रंग चढायला थोडा वेळ लागतो, त्यामुळं दिसत नाही म्हणून परत परत लावत बसू नकोस, आणि हात लगेच धू, बोटांचा रंग पटकन जात नाही.

प्रश्न : माझ्या पावडर ब्लशवर कडक चकचकीत थर आलाय, ब्रशला रंगच येत नाही. टाकून देऊ? आणि ब्लश किती दिवस वापरायचा असतो?

उत्तर : टाकू नकोस लगेच. ब्रशवरून किंवा पफवरून चेहऱ्याचं तेल आणि क्रीम पावडरवर उतरतं आणि दाबून दाबून तो थर बनतो. सेलोटेपचा तुकडा हलका चिकटवून उचल, वरचा थर निघून येईल, खाली नवी पावडर मिळेल. मग ब्रश शॅम्पूने धू आणि उलटा किंवा आडवा वाळव, उभा ठेवला की पाणी दांड्यात मुरतं आणि केस गळतात. क्रीम आणि पावडरला एकच ब्रश वापरत असशील तर तिथूनच हे येतंय, दोन वेगळे ठेव.

किती दिवस ते पॅकच्या मागं बघ, झाकण उघडलेल्या डबीचं छोटं चित्र असतं आणि त्यात 6एम, 12एम, 24एम असं लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून तेवढे महिने. पावडरमध्ये पाणी नसतं म्हणून ती जास्त टिकते, क्रीम कमी, लिक्विड आणि जेल साधारण आणखी कमी. क्रीमला जुन्या तेलाचा वास यायला लागला, किंवा लिक्विड हलवूनही तेल वेगळंच राहायला लागलं तर महिने मोजत बसायचं नाही, सरळ टाकायचं. उघडलेली तारीख आठवत नसेल तर आजपासून प्रत्येक नव्या डबीच्या तळाला मार्करने लिहीत जा.