मोबाइल लोकेशनवरून दुकानात येणाऱ्या ग्राहकांचा अंदाज कितपत खरा असतो?

तुमच्याकडे रोज किती ग्राहक येतात हे फोनच्या लोकेशनवरून सांगणारा रिपोर्ट एक कंपनी विकतेय आणि तो घ्यावा का, असा तुमचा प्रश्न आहे. मी काही वर्षं असेच रिपोर्ट तयार करायचो. माझं मत: मोजणीसाठी घेऊ नका, तुलनेसाठी हवा असेल तर घ्या.

कारण यात माणसं नाही, फोन मोजतात. तेही सगळे नाहीत, ज्यांनी कुठल्यातरी ॲपला लोकेशनची परवानगी दिलीय तेवढेच. त्या मूठभर फोनांना एका गुणकाने गुणून 'एकूण ग्राहक' काढायचे. गुणक चुकला की सगळंच चुकलं.

त्यात जीपीएसच्या मर्यादा. मोकळ्या आकाशाखाली फोनचा ठिपका साधारण 5 मीटरच्या आत पडतो. छपराखाली सिग्नल अडतो, भिंतींवर आदळून येतो, आणि तुमचा ग्राहक शेजारच्या दुकानात दिसायला लागतो. मजला तर जवळपास कळतच नाही, त्यामुळे वरच्या मजल्यावर राहणारेही तुमचे ग्राहक ठरतात! आमच्या एका रिपोर्टमध्ये 'सर्वात निष्ठावान ग्राहक' आठवड्यातले सहा दिवस, रोज नऊ तास दुकानात असायचे. ते तिथले कर्मचारी निघाले. रिपोर्ट तोवर दुकानदाराच्या हातात पडला होता. पुढे आम्ही फार कमी आणि फार जास्त वेळ थांबलेले फोन गाळायला लागलो, पण ती सीमाही आम्हीच अंदाजाने ठरवलेली.

आलेखातली घसरणही तपासून घ्या. 2020 मध्ये आयफोनच्या आयओएस 14 आणि 2021 मध्ये अँड्रॉइड 12 ने ॲपला नेमकं ठिकाण न देता फक्त 'अंदाजे' ठिकाण देण्याची सोय केली. अशा फोनवरून परिसर कळतो, दुकान नाही. म्हणजे ग्राहक तेवढेच राहून आलेख खाली येऊ शकतो.

तुलनेला मात्र हा डेटा बरा. कोणत्या वाराला, किती वाजता गर्दी वाढते, लोक कुठल्या भागातून येतात, हे ठीक कळतं. गूगल मॅप्ससुद्धा गर्दीच्या वेळांचे नुसते उंच-बुटके खांब दाखवतं, डोकी मोजून सांगत नाही.

'डेटातून लोकांची नावं काढून टाकलीत' या कंपनीच्या वाक्यावर विसंबू नका. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 15 लाख लोकांच्या 15 महिन्यांच्या मोबाइल नोंदी तपासल्या होत्या. ठिकाण आणि वेळेच्या फक्त 4 नोंदी 95 टक्के लोकांना इतरांपासून वेगळं काढायला पुरल्या. फोन रात्री कुठे असतो आणि दिवसा कुठे, एवढ्यावरूनच बरंच उघड होतं. म्हणून एकेका फोनच्या नोंदी विकत घेऊच नका, एकत्रित आकडेच मागा.

आणि पैसे देण्याआधी गेल्या तीन महिन्यांचा तासवार नमुना मागून घ्या. तो तुमच्या बिलांच्या वेळांशी ताडून बघा. चढउतार जुळले तर बोलणी पुढे न्या.