चार हजारांच्या आत, घरी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करण्यासाठी कोणता माइक घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा परीक्षेची मराठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची आहेत, घरात विंडोजचा लॅपटॉप आहे, घर रस्त्याला लागून आहे आणि खर्च चार हजारांच्या आत बसवायचाय. गेली सहा वर्षं मी हेच काम करतेय, आणि माझंही घर रस्त्यालाच आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आजच्या आज माइक मागवू नका. आधी पंखा बंद करून घरातल्या प्रत्येक खोलीत एकच परिच्छेद वाचा, फोनवर रेकॉर्ड करा आणि इअरफोन लावून ऐका. हॉलमध्ये फरशी आणि उघड्या भिंती असतील तर आवाज घुमेल. कपड्यांचं कपाट आणि गादी असलेल्या खोलीत तोच आवाज जवळचा, कोरडा येईल. तीच तुमची खोली.

याचं महत्त्व मला एका विद्यार्थ्यामुळे कळलं. पहिलं पुस्तक, राज्यघटनेचं, मी हॉलमध्ये बसून वाचलं होतं. मला ते ऐकायला ठीक वाटत होतं. त्याचा फोन आला, "ताई, ते कलम बत्तीस आहे की छत्तीस?" ही मुलं आपल्यासारखी निवांत वेगाने ऐकत नाहीत. अभ्यास मोठा असतो, म्हणून दीडपट, दुप्पट वेग लावतात. त्या वेगात घुमणारा आवाज पुढच्या अक्षरावर सांडतो आणि 'ब' कुठला, 'छ' कुठला हे कळेनासं होतं. एक मूलभूत हक्कांमधलं कलम, दुसरं मार्गदर्शक तत्त्वांमधलं. परीक्षेत एवढ्याने गुण जातो. मी ती सगळी प्रकरणं पुन्हा वाचली.

घुमणं कमी करायला मी कपडे वाळत घालायच्या स्टँडवर दोन जाड गोधड्या टाकते. पण त्या माइकच्या मागे नाही, माझ्या पाठीमागे! बहुतेक जण इथेच चुकतात. आपण वापरतो ते बहुतेक माइक समोरचं ऐकतात. त्यांच्यासमोर आपण असतो आणि आपल्यामागची भिंत असते. मऊ पडदा तिथे हवा. कपड्यांचं कपाट उघडं टाकून त्याकडे पाठ करून बसलात तरी चालेल. टेबलावर एखादा जाड टॉवेल पसरा.

आता माइक. तुमच्या घरासाठी मी डायनॅमिक प्रकारचा, यूएसबीने जोडायचा माइक सुचवेन. कंडेन्सर माइक नाजूक आवाज फार छान पकडतो, पण त्याचबरोबर रिक्षाचा हॉर्न आणि शेजारच्या कुकरची शिट्टीही छान पकडतो. डायनॅमिक तेवढा संवेदनशील नसतो. तोंड जवळ नेऊन बोलावं लागतं, आणि त्यामुळेच लांबचं सगळं मागे पडतं. फिफाइनचा एएम८ या प्रकारातला आहे. त्यात हेडफोन लावायला जागा आहे, म्हणजे वाचतानाच स्वतःचा आवाज ऐकू येतो. किंमत बजेटच्या टोकाला जाते, तेव्हा सवलतीवर लक्ष ठेवा. घर शांत असतं तर त्याच कंपनीचा के६६९ हा कंडेन्सर स्वस्तात चालला असता.

एवढे पैसे आत्ता घालायचे नसतील तर बोयाचा बाय-एम१ हा कॉलरचा माइक साधारण हजार रुपयांच्या आत मिळतो, आणि मी दोन पुस्तकं त्यावर केलीत. तो चहूबाजूंनी ऐकतो, त्यामुळे गोधड्या जास्त लागतील. लॅपटॉपला हेडफोन-माइकचं एकच भोक असेल तर सरळ लागतो, त्यावरचं बटण मात्र स्मार्टफोनकडे ठेवा. जुन्या डेस्कटॉपला गुलाबी (माइकचं) आणि हिरवी (हेडफोनचं) अशी दोन वेगळी भोकं असतील तर मधे स्प्लिटर, म्हणजे एका पिनेच्या दोन पिना करणारी छोटी वायर, लागू शकते.

एक गोष्ट मात्र अजिबात घेऊ नका. स्टुडिओतल्यासारखा दिसणारा मोठा कंडेन्सर, स्टँड, फोम, सगळं दीड-दोन हजारांत, आणि वायरीच्या टोकाला हेडफोनसारखी पिन. मी घेतला होता. आवाज इतका बारीक आला की वाढवावा तर मागे सतत गुंऽऽ. दोष माझ्या आवाजाचा आहे असं समजून महिनाभर मी घसा ताणून वाचत राहिले. खरं कारण एवढंच, की अशा माइकला नीट चालायला ४८ व्होल्ट लागतात. ते ऑडिओ इंटरफेस नावाच्या वेगळ्या डबीतून मिळतात. कॉम्प्युटरच्या माइकच्या भोकातून जेमतेम दोन-पाच व्होल्ट येतात. ती डबी घ्यायची तर तुमचं सगळं बजेट तिच्यातच संपेल.

माइक आला की पहिल्यांदा ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर उघडा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि माइकच्या जाळीवर नख घासा. कर्रकर्र मोठ्याने आलं तर ठीक. नाही आलं तर लॅपटॉप स्वतःच्याच माइकवरून रेकॉर्ड करतोय, वर यादीत नवा माइक निवडा. अर्धं पुस्तक लॅपटॉपच्या माइकवर वाचून झालेली माणसं मला माहीत आहेत, म्हणून सांगते. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये आवाज आपोआप सुधारणारे पर्याय असतील तर तेही बंद करा, ते शब्दांची टोकं खातात.

डायनॅमिक असेल तर तोंडापासून चार बोटं अंतर, कंडेन्सर असेल तर वीतभर. माइक ओठांच्या अगदी समोर नको, किंचित बाजूला, गालाच्या रेषेत. आपल्या भाषेत फ, भ, ठ, घ यांची रेलचेल, प्रत्येक महाप्राणाबरोबर हवेचा झोत जातो आणि माइकवर धप्प होतं. मी दरवेळी सुरुवातीला एकच वाक्य म्हणून बघते: "भाऊ फाटकापाशी बसून भोपळा फोडत होता." हे धपधप न होता गेलं की पुस्तक उघडते.

रेकॉर्डिंग मोनो, म्हणजे एकाच चॅनेलवर ठेवा, आणि सॅम्पल रेट ४४१०० हर्ट्झ. ऑडॅसिटीतली आवाज किती मोठा हे दाखवणारी पट्टी उणे १२ ते उणे ६ डेसिबलपर्यंत उसळू दे, शून्याला टेकली की आवाज फाटतो आणि तो नंतर दुरुस्त होत नाही. दर वेळी सुरुवातीला पाच सेकंद गप्प बसा. त्या शांततेचा नमुना देऊन ऑडॅसिटीतलं नॉइज रिडक्शन हलक्या हाताने वापरता येतं, सहा-आठ डेसिबल पुरेत. जास्त केलंत तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. बारीक घरघर येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, पुष्कळदा तिथेच थांबते.

आणि पहिलं प्रकरण पूर्ण करायच्या आधी दोन मिनिटांचा तुकडा, आकडे आणि कलमं भरपूर असलेला, एखाद्या विद्यार्थ्याला पाठवा. त्याच्या नेहमीच्या वेगाने ऐकायला सांगा आणि आकडे परत म्हणून दाखवायला सांगा.